वाचायला शिकवा, लिहायला नको : तातार मुलींच्या शाळा आणि मुलांच्या नाटकातल्या गोष्टी

कृष्णाकाठची

मंडळी, बरेच दिवस मनात घोळत होतं. आज सलग वेळ मिळाला म्हणून लिहायला बसले. जरा लांबेल.

माझी लेक कझानला मेडिकलला आहे. गेल्या हिवाळ्याच्या शेवटी तीन आठवडे तिच्याकडे राहून आले. कझान म्हणजे रशियातल्या तातारस्तानची राजधानी, व्होल्गेच्या काठावर. लेकीच्या घरमालकीणबाई तातार आहेत. सगळे त्यांना 'आपा' म्हणतात, म्हणून मीही आपाच म्हणू लागले. वयाने माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. त्यांची नात तिसरीत. तिच्या शाळेत तातार भाषेतलं नाटक होतं, आपा म्हणाल्या चला.

शाळेचा छोटा हॉल, पुढे लहान मुलं जमिनीवर, मागे आम्ही खुर्च्यांवर. नाटक सावत्र मुलीच्या गोष्टीवर. ही तातारांची घरोघरी सांगितली जाणारी लोककथा. सावत्र आईच्या सांगण्यावरून मुलीला जंगलात सोडून येतात. तिच्या हातातला सुताचा गुंडा घरंगळत जातो, ती त्याच्या मागे. वाटेत गुराखी भेटतात, प्रत्येकाला ती गाण्यातून विचारते, माझा गुंडा पाहिलात का? गुंडा जातो थेट उबिर्ली कार्चिकच्या झोपडीत. ही त्यांची चेटकीण म्हातारी. मुलगी तिच्याकडे राहते, पडेल ते काम करते, न्हाणीघर तापवून म्हातारीला न्हाऊ घालते. मग म्हातारी तिच्या मांडीवर डोकं ठेवते, 'बघ गं केसांत काय आहे'. केसांत मोतीच मोती! मुलगी एकालाही हात लावत नाही. म्हातारी म्हणते, आता नाच बघू. मुलगी गिरक्या घेते, अंगावरून काहीच खाली पडत नाही. मग म्हातारी तिला हिरवी पेटी देते आणि घरी पाठवते. दारातलं कुत्रं भुंकतं : मरायला गेलेली ताई श्रीमंत होऊन आली! पेटीत सोनंनाणं. मग सावत्र आई आपल्या पोटच्या मुलीला पाठवते. ती मोती लपवते, नाचायला लागल्यावर ते सांडतात आणि तिच्या पेटीतून साप निघतात.

दुसऱ्या मुलीचं काम आपांच्या नातीकडे होतं. बाहीत प्लास्टिकचे मणी भरलेले. पहिल्याच गिरकीला बाही सुटली आणि मणी टपटप करत रंगमंचावरून खाली, मुलांच्या मांड्यांत, थेट आमच्या खुर्च्यांखाली. पुढची पोरं उठून मणी वेचायला लागली. एका चिमुरड्याने मूठभर गोळा करून रंगमंचाच्या कडेला नेऊन ठेवले, 'ही घे अ‍ॅबी' म्हणून. अ‍ॅबी म्हणजे आजी. चेटकिणीलाही तो आजीच म्हणत होता.

घरी आल्यावर चहाला बसलो. आपा म्हणाल्या, ही गोष्ट मला माझ्या आजीने सांगितली. आजीला शेकडो गोष्टी यायच्या, म्हणी यायच्या. कुराण वाचायची, युसूफच्या कहाणीचं जुनं काव्य तर जवळपास पाठ. मी विचारलं, मग त्यांनी काही लिहून ठेवलंय का? आपांनी मान हलवली. 'तिला वाचता यायचं. लिहायला शिकवलं नव्हतं.'

मला आधी कळेचना. वाचता येतं आणि लिहिता येत नाही? लेकीने दोनदा विचारून घेतलं. तेच खरं होतं. झारच्या काळात तातार गावात मुलग्यांसाठी मशिदीजवळ मकतब (लहानांची शाळा) आणि पुढे मदरसा असायचा. मुलींनी जायचं मुल्लाच्या बायकोकडे, तिच्या घरी. तिला अबिस्ताय म्हणत. फी म्हणून पीठ न्यायचं, सरपण न्यायचं, तिच्या घरचं काम करायचं आणि अक्षरओळख, प्रार्थना, नीतीच्या कविता शिकायच्या. बहुतेक ठिकाणी शिक्षण वाचण्यापाशी थांबायचं. पोरगी लिहायला शिकली तर परक्या मुलाला पत्र लिहील, ही भीती. धर्मग्रंथ वाचता आला म्हणजे पुण्य मिळालं, मग लेखणी कशाला?

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी एकवीस वर्षं शिक्षिका आहे. 'मुलीला शिकवलं नाही' हे ऐकून माहीत होतं. पण अर्धं शिकवून बरोबर त्या जागी थांबवलं, जिथून तिचं स्वतःचं म्हणणं कागदावर उतरलं असतं, हे मला जास्त लागलं. दुसऱ्याचं लिहिलेलं वाचण्याची मुभा होती. आपलं लिहिण्याची नव्हती. मग तिच्या हातात राहिलं काय? तोंडी गोष्ट. सावत्र मुलगी, मोती, नाच, कुत्रं, हे सगळं त्या बायकांनी अंधारात, सूत कातताना एकमेकींना आणि पोरांना सांगून जिवंत ठेवलं. कागदावर आणलं ते पुरुषांनी, कारण लेखणी त्यांच्याकडे होती. कयूम नासिरी यांनी एकोणिसाव्या शतकात लोककथा गोळा केल्या. मग गब्दुल्ला तुकाय आले.

तुकाय (१८८६ ते १९१३) म्हणजे तातारांचा लाडका कवी. अवघं सव्वीस वर्षांचं आयुष्य, क्षयाने गेला. लहानपणीच आईबाप वारले. त्याने आठवणींत लिहिलंय : कझानच्या गवतबाजारात गाडीवान त्याला घेऊन उभा होता आणि ओरडत होता, 'सांभाळायला पोर देतोय, कोण घेतं?' या घरून त्या घरी असा वाढलेला हा मुलगा. जंगलातला राक्षस शुराले (१९०७) आणि सोन्याच्या कंगव्यामागे येणारी पाण्याची आई, सू अनासी (१९०८), या गावातल्या गोष्टींवर त्याने कविता लिहिल्या. तातार मुलांच्या रंगमंचावर ही दोघं आजही नांदतात. तुकायबद्दल मला मायाच वाटते. पण ज्या कुणी त्याला पहिल्यांदा या गोष्टी सांगितल्या असतील, त्यांची नावं कुठे आहेत?

हे बदलायला बायका उभ्या राहिल्या, तेही सांगते. मुख्लिसा बुबी (१८६९ ते १९३७). इझ-बोबी नावाच्या गावात मुल्लाच्या घरी जन्म. लग्न एका मुल्लाशी लावून दिलं, संसार दुःखाचा. काही वर्षांनी ती माहेरी परत आली आणि भावांच्या मदतीने मुलींची शाळा उभी केली. तिथे लेखन, गणित, भूगोल, आरोग्य सगळं शिकवत. मुली सायबेरियातून आणि कझाक गवताळ प्रदेशातूनही यायच्या आणि शिक्षिका होऊन परत जायच्या. १९११ च्या जानेवारीत पोलिसांनी गावावर रात्री छापा घातला, भावांना धरून नेलं. मुलींची शाळाही पुढच्या वर्षी बंद पडली. तिकडे कझान शहरात फातिहा आयतोवा यांनी घरातूनच मुलींना शिकवायला सुरुवात केली. १९१६ मध्ये त्यांच्या शाळेला गिम्नाझियमचा (म्हणजे माध्यमिक शाळेचा) दर्जा मिळाला, तातार मुलींसाठी पहिला.

मी हे सगळं इथे का लिहितेय? परत आल्यावर सावत्र मुलीची गोष्ट मी आमच्या सातवीच्या मुलींना सांगितली. स्नेहसंमेलनात करायची ठरलं. वाचन झालं आणि एक मुलगी म्हणाली, 'बाई, ज्यांनी तिला मरायला सोडलं त्याच घरी ती पेटी घेऊन परत का जाते?' माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. शेवट बदलावा का? तुम्हाला काय वाटतं?

---

टुणुकटुणुक

किती सुंदर लिहिलंयस गं ताई. गुंड्याचं वाचताना आपला भोपळाच आठवला. 'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक' म्हणत जंगलातून जाणारी म्हातारी आणि गुंड्यामागे गाणं म्हणत जाणारी मुलगी. आपली म्हातारी लेकीकडे जाऊन तूपरोटी खाऊन धष्टपुष्ट होऊन येते, यांची मुलगी परक्या म्हातारीकडे. दोन्हीकडे गाण्याची ओळ पुन्हा पुन्हा येते, म्हणून मुलांना नाटकात भाग घेता येतो. तुझ्या मुलींना ती ओळ प्रेक्षकांकडून म्हणवून घ्यायला सांग. पहिल्या गुराख्याला एकटीने, तिसऱ्यापर्यंत सगळा हॉल.

शेवटाबद्दल विचार करून लिहिते.

---

दप्तरदार

उत्तम धागा. थोडी भर घालतो.

'तातार' म्हटलं की दोन वेगळे समाज डोळ्यांसमोर ठेवावेत : व्होल्गाकाठचे कझान तातार आणि काळ्या समुद्रावरचे क्रिमियन तातार. नव्या शिक्षणाची वाट मात्र क्रिमियातून आली. बख्चिसरायचे इस्माईल गास्प्रिन्स्की यांनी १८८३ मध्ये 'तेरजुमान' वृत्तपत्र काढलं आणि १८८४ मध्ये नव्या पद्धतीची शाळा. आधी अक्षरांची नावं घोकून घ्यायचे, त्यात पोराची वर्षं जायची. यांनी उच्चारावरून वाचायला शिकवलं. बाकं आणली, फळा आणला, गणित-भूगोल आणला. या पद्धतीला 'उसूल-ए-जदीद' म्हणत, त्यावरून सुधारकांचं नाव पडलं जदीद. १९०६ मध्ये त्यांनी स्त्रियांसाठी 'आलम-ए-निस्वान' हे मासिक काढलं, त्याचं संपादन त्यांची मुलगी शफीका हिच्याकडे होतं. कझानमध्ये १९१३ पासून 'सुयुम्बिके' हे स्त्रियांचं मासिक निघू लागलं, कझानच्या राणीच्या नावाने.

आणि हे आपल्या लोकांना फारसं ठाऊक नसतं : हे गास्प्रिन्स्की १९१२ साली मुंबईला आले होते. चाळीस दिवसांत वाचायला शिकवता येतं, हे त्यांनी इथे मुलांचा वर्ग घेऊन दाखवलं. सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींना शिकवायला सुरुवात केली १८४८ मध्ये. म्हणजे तो वर्ग भरला तेव्हा भिडेवाड्याला चौसष्ट वर्षं झाली होती.

मुख्लिसाबाईंची गोष्ट तुम्ही अर्ध्यावर सोडलीत. इझ-बोबी बंद झाल्यावर त्या त्रोइत्स्कला गेल्या, तिथे मुलींचं अध्यापक विद्यालय चालवलं. १९१७ च्या एप्रिलमध्ये कझानला मुस्लीम स्त्रियांची परिषद भरली, ५९ प्रतिनिधी. तिथे समान हक्कांचे ठराव झाले. पुढच्याच महिन्यात मॉस्कोच्या मोठ्या परिषदेत मुख्लिसाबाईंची काझी म्हणून निवड झाली. बाई काझी, १९१७ मध्ये! त्यांनी उफा शहरातल्या मुस्लीम धार्मिक मंडळात वीस वर्षं काम केलं. १९३७ मध्ये स्टालिनच्या दडपशाहीत त्यांना अटक झाली आणि गोळ्या घालण्यात आल्या. अडुसष्ट वर्षांच्या होत्या.

---

कृष्णाकाठची

दप्तरदार, मनापासून आभार. शेवट मला माहीत होता, लिहवला नाही. झारच्या पोलिसांनी शाळा बंद केली तरी ज्या बाईने दुसरी उभारली, तिला ज्यांनी समतेच्या घोषणा दिल्या त्यांनीच संपवलं.

---

सडेतोड

लेख आवडला, पण एका मुद्द्यावर माझा स्पष्ट विरोध आहे. गोष्टीचा शेवट बदलू नका. लोककथा कुण्या एकाची नसते. पाच पिढ्यांनी घासून गुळगुळीत केलेला दगड आहे तो. आज आपल्याला पटत नाही म्हणून मुलगी घरी परत जात नाही असं दाखवलं, तर ती तुमची गोष्ट झाली, तातारांची राहिली नाही. शिवाय ज्या बायकांना लिहू दिलं नाही त्यांचं जे एकमेव शिल्लक आहे, त्यावरच आपण लाल शाई फिरवायची? मुलींना प्रश्न पडू दे. उत्तर रंगमंचावर द्यायलाच हवं असं कुठे आहे?

---

शेवंता७२

सडेतोड, तुमचं म्हणणं अर्धं पटतं. पण 'पाच पिढ्यांनी घासलं' म्हणताना घासणाऱ्या हातांत धाक देणारेही हात होते, हे विसरू नका.

तातारांचीच तीन मुलींची गोष्ट घ्या. मी आमच्या बालवाचनालयात सांगते. आई आजारी पडते, खारीकडून तीन लेकींना निरोप पाठवते. थोरली म्हणते, परात घासून होऊ दे मग येते. ती कासव होते. मधली म्हणते, बाजारासाठी कापड विणून होऊ दे. ती कोळी होते, जन्मभर विणत बसते. धाकटी कणीक मळत असते, तशीच भरल्या हातांनी धावते. तिचं कल्याण होतं. मुलांना फार आवडते, कासवाच्या ठिकाणी तर सगळे पाठीवर दप्तर घेऊन रांगतात.

पण मला दरवेळी थोरलीचं वाईट वाटतं. ती काम करत होती हो. परात कुणाची, कापड कुणाच्या घरचं? सासरच्यांनी सोडलं असतं का तिला काम टाकून? गोष्टीत सासर दिसतच नाही, दिसते फक्त मुलीची चूक. आईने हाक मारली तर तिने धावायचं, सासूने काम दिलं तर संपवायचं, दोन्हीकडून शिक्षा तिलाच. आमच्याकडे पाचवीतली एक पोर शनिवारी वाचनालयात यायची बंद झाली. विचारलं तर, धाकट्या भावाला सांभाळायला घरी कुणी नाही. मी तिला 'का येत नाहीस' म्हणून रागावले होते. मग कासवाची गोष्ट आठवली आणि माझीच मला लाज वाटली.

---

अनुजा_कझान

मी इथेच शिकते, चौथं वर्ष. काकू, तुमचा धागा आमच्या ग्रुपवर फिरतोय :)

इथलं आजचं चित्र सांगते. शिक्षणात मुली कुठेही मागे नाहीत. आम्हाला शिकवणाऱ्यांत बायकाच जास्त, त्यात तातार मॅडमही बऱ्याच. मुलांच्या नाटकाला तर गर्दी असते. इथलं बाहुलीनाट्यगृह 'अ‍ॅकियात' (म्हणजे परीकथा) १९३४ पासून आहे. २०१२ मध्ये नवी इमारत झाली, मनोरे असलेल्या राजवाड्यासारखी. शहरात फिरायला आलेली लहान मुलं ती बघून हटूनच बसतात.

अडचण आता वेगळ्या जागी आहे. शाळांत तातार भाषा पूर्वी सगळ्यांना सक्तीची होती. २०१७ पासून आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, तेही पालकांनी लेखी संमती दिली तर. माझ्या मैत्रिणीची आई म्हणते, मुलं घरी रशियन बोलतात, तातार कानावर पडते ती अ‍ॅबीकडे आणि नाटकात. लिपीचंही तसंच. अरबी होती, १९२०च्या दशकाच्या शेवटी लॅटिन आली, १९३९ मध्ये सिरिलिक. त्यामुळे पणजीचं पुस्तक नातीला वाचता येत नाही. ज्यांना लिहू दिलं नाही त्यांच्या गोष्टी तोंडावर राहिल्या म्हणून तरी लिपीसोबत बुडाल्या नाहीत.

शुरालेचं नाटक मी पाहिलंय. कपाळावर एक शिंग, लांबलचक बोटं, माणसाला गुदगुल्या करून मारतो. किरलाय गावचा एक जवान रात्री जंगलात लाकडं तोडायला जातो. शुराले नाव विचारतो, तो म्हणतो 'बिल्तिर'. म्हणजे 'गेल्या वर्षी'. मग ओंडका उचलायला मदत कर म्हणून त्याची बोटं भेगेत घालायला लावतो आणि पाचर काढून घेतो. शुराले किंचाळतो. भाऊबंद धावत येतात, कुणी चिमटलं? 'गेल्या वर्षी चिमटलं!' मग ते त्यालाच ओरडतात, गेल्या वर्षी चिमटलं तर या वर्षी कशाला बोंबलतोस? पोरं हसून हसून लोळतात.

---

सडेतोड

शेवंताताई, थोरलीबद्दल तुम्ही लिहिलंत ते डोक्यातून जात नाहीये. मी हा विचार केला नव्हता. तरी माझं मत कायम आहे की मूळ गोष्ट तशीच सांगावी, पण मग तुम्ही म्हणता ते सासर मुलांशी बोलताना दाखवून द्यावं. प्रयोगानंतर दहा मिनिटं मुलांना बोलू द्या. तिथे हवं ते विचारता येतं.

---

दप्तरदार

अनुजा, शुरालेच्या भाऊबंदांचं वाचून थबकलो. मुलींच्या शाळांचा विषय काढला की हेच ऐकायला मिळतं ना. झालं ते जुन्या काळी झालं, आता कशाला उगाळायचं? बोटं अजून भेगेतच असतात.

रंगमंचाबद्दल एक राहिलं. कझानला तातार भाषेतलं पहिलं जाहीर नाटक झालं २२ डिसेंबर १९०६ ला. तेव्हा बायकांची कामं पुरुषच करत, आपल्या संगीत नाटकांसारखीच. १९०७ मध्ये साहिबजमाल गिज्जतुल्लिना रंगमंचावर आल्या, पहिल्या तातार अभिनेत्री. लोकांनी काय काय ऐकवलं असेल! १९१२ मध्ये त्यांनी स्वतःची 'नूर' ही नाटक मंडळी काढली. म्हणजे ज्या काळात बहुतेक मुलींच्या हाती लेखणी नव्हती, त्याच काळात एक बाई मंडळीची मालकीण होऊन नट निवडत होती.

---

मी_सातारकर

कृष्णाकाठच्या बाई, प्रयोग कधी आहे? आमच्या गावातल्या मुली आणायच्या आहेत. सातवीनंतर हायस्कूल लांब, म्हणून यंदा दोघींची शाळा सुटली. एसटीचा पास मुलींना फुकट आहे, पण गाडीची वेळच अशी की संध्याकाळी परत येताना अंधार होतो. घरचे म्हणतात, नको. माझी पुतणी त्यातली एक. भावाशी बोलतोय, अजून तयार नाही. नाटक बघून निदान घरात विषय तरी निघेल.

---

कृष्णाकाठची

सातारकर दादा, प्रयोग जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी दहाला. जरूर आणा, सगळ्यांचं जेवण शाळेत. भावालाही आणा. पुतणीची कागदपत्रं (दाखला, आधार) घेऊन आलात तर आमच्याकडून जाणाऱ्या मुलींसोबत तिला बसवता येतं का बघू. चौघीजणी एकत्र सकाळच्या गाडीने जातात, संध्याकाळी एकीचे वडील रिक्षा घेऊन फाट्यावर येतात.

शेवटाचं आमचं ठरलं. मुलींनीच ठरवलं. गोष्ट आहे तशीच. ती पेटी घेऊन दारात येते, कुत्रं भुंकतं. ती उंबऱ्यापाशी थांबते, प्रेक्षकांकडे बघते, पेटी खाली ठेवते. तेवढंच. आत जाते की नाही, दाखवायचं नाही, पडदा. टुणुकटुणुक, गुराख्यांची ओळ सगळ्या हॉलकडून म्हणवायची तुझी युक्तीही घेतली. मणी मात्र मोठे आणलेत, खुर्च्यांखाली गेले तरी सापडतील असे.

आणि शेवंताताई, आमच्या सहावीच्या बॅचला तुमची तीन मुलींची गोष्ट द्या. थोरलीला एक संवाद वर्गातल्या मुली स्वतः लिहून देणार आहेत.

---

टुणुकटुणुक

ताई, हा धागा वाचून काल आईला फोन केला. आमची आजी, आईची आई, आता ब्याण्णव वर्षांची. दर श्रावणात शिवलीलामृत वाचते, अकरावा अध्याय तर न बघता म्हणते. पण पेन्शनच्या कागदावर अंगठा देते. मी लहानपणापासून बघत आले आणि कधी विचारलंच नाही, वाचता येतं तर सही का नाही? आई म्हणाली, 'तिच्या मोठ्या भावाला शिकवायला मास्तर घरी यायचे. ती दाराआडून बघून वाचायला शिकली. पाटी भावाकडे असायची.'

रविवारी जातेय तिच्याकडे. रेकॉर्डर घेऊन, आणि एक पाटीही.

---

शेवंता७२

जा गं नक्की. काय काय सांगितलं ते इथे लिही.